इंजिनाचा अंगठा
शिक्क्याच्या पॅडवर नवी शाई ओतली की तिच्या वासाने मला जिंतूरच्या तहसील कचेरीसमोरच्या गॅरेजमधला तो प्रसंग आठवतो. तेथील मिस्तरीने बोरीच्या एका मालकाच्या शर्यतीच्या मोटारीचे इंजिन बांधले होते आणि त्यातला एक वॉल्व्ह दोनदा वाकला होता. “तिसऱ्यांदा वाकला तर गाडी पुण्याला नेतो बगा,” असे मालक चारचौघांत बजावून गेला होता. वॉल्व्ह दाबणारे रॉकर मिस्तरी केवळ नजरेने सरळ बसवीत असे; रॉकर मध्यावर न टेकता कडेला टेकला की वॉल्व्ह वाकतो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तथापि अर्ज लिहून अंगठे घेण्यात हयात गेल्याने ठशाच्या बाबतीत माझा अधिकार निर्विवाद आहे. मी म्हणालो, “वॉल्व्हच्या टोकाला माझी शाई लावा. रॉकर कुठे टेकतो ते ठसाच सांगेल.” तो हसला. “मुनशीजी, आता इंजिनाचा बी अंगठा घ्यायलाव का?” “घेतो. अंगठा कडेला उमटला की अर्ज परत येतो.” त्याने तेल पुसून शाई लावली, पान्याने इंजिन फिरवले आणि वाकून पाहिले. शाई एका कडेलाच पुसली गेली होती. त्याचे हसू मावळले. रॉकरच्या एका बाजूचे पातळ वायसर काढून त्याने दुसऱ्या बाजूला घातले. या खेपेस खूण नेमकी मध्यभागी आली. “लय झ्याक! चला, बाकीच्या सातांचे बी अंगठे घेऊ,” तो म्हणाला. ती गाडी शर्यत पुरी धावली, पुण्याला गेली नाही. आज मिस्तरीकडे स्वतःचे पॅड आहे. परंतु मी ठसा पाहून ‘मंजूर’ म्हटल्याखेरीज तो इंजिनाचे झाकण बसवीत नाही.