यादीत नसलेला नग

"गल्लीत निळा ऑइलपेंट कुठून आला, तेवढं मला सांगा."

"हळू बोल. आक्का आत आहे."

"मी हळूच बोलतेय. तुम्हाला मोठं ऐकू येतंय, त्याला मी काय करू?"

"अगं, घासली असतील नखं कुठल्यातरी दाराला. मांजर आहे ती. दारंच खरवडणार, पेपर थोडीच वाचणार आहे?"

"निळं दार त्या अख्ख्या इमारतीत एकच होतं. आपल्या माळ्याचं. उरलेल्या रंगात तुम्हीच रंगवलं होतंत, आणि मी म्हटलं होतं, हा काय रंग आहे."

बायकोने ओला कपडा पुढे धरला. मांजराचे पंजे पुसताना त्याला निळ्या रंगाच्या कपच्या चिकटल्या होत्या, नखाएवढ्या, चार-पाच. सोबत चुन्याची पांढरी भुकटी. तो स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून खोक्याची चिकटपट्टी सोडवत होता. खोकं केव्हाच उघडलेलं होतं. तरी तो पट्टी सोडवत राहिला.

घरं हलवून देणाऱ्या कंपनीत त्याची तेवीस वर्षं झाली होती. पहिली सहा वर्षं पाठीवर कपाटं वाहिली, मग हाताखाली माणसं आली आणि सगळे त्याला मुकादम म्हणू लागले. पुढे ते नाव घरातही शिरलं. बायकोला राग आला की तीसुद्धा मुकादम म्हणायची, आणि तिने तसं म्हटलं की याने ओळखायचं, आज आपली धडगत नाही.

कामाला मात्र माणूस चोख. काच नेहमी उभी ठेवायची, आडवी नाही. पुस्तकं छोट्या खोक्यात, कारण मोठ्या खोक्यात भरली की ते खोकं कुणाच्या बापाला उचलत नाही. कपाटाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच कपाटाच्या खणात. खोली रिकामी झाली की दार लावायचं आणि दारावर खडूने फुली मारायची, म्हणजे त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. माळ्याचा नियम वेगळा. "आधी डोळा, मग टॉर्च, मग फुली." नव्या माणसाला तो हे पाठ करून घ्यायचा. तेवीस वर्षांत त्याच्या हातून चमचा हरवला नव्हता. गिऱ्हाइकं सांगायची, "मुकादम असतील तर या, नाहीतर आम्ही तारीख बदलतो." हे तो घरी येऊन सहज सांगितल्यासारखं सांगायचा. आठवड्यातून दोनदा.

त्याच्या यादीच्या छापील कागदावर, नगांच्या रकान्याखाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. झाडं आणि जनावरं मालकांनी स्वतः न्यावीत. ही ओळ तो गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवायचा. वर आपलं शहाणपण जोडायचा, "मांजर असेल तर पहाटेच बाथरूममध्ये बंद करा. दारावर कागद लावा, उघडू नये म्हणून. सगळं सामान गेल्यावर शेवटी तिला न्यायचं. नव्या घरातही दोन दिवस एकाच खोलीत ठेवायचं. आणि तिचं अंथरूण धुवायचं नाही, वास जातो." लोक लिहून घ्यायचे.

आणि रविवारी त्याचं स्वतःचं घर हललं.

घरात ते तिघं. तो, बायको, आणि त्याची मोठी बहीण आक्का. आक्का त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. पुढे शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आक्काचीच असायची. तिने दवाखान्यात मलमपट्टीचं काम केलं, चौतीस वर्षं, आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक आणि एक मांजर घेऊन भावाकडे राहायला आली. मांजर दवाखान्याच्या मागच्या जिन्यात जन्मलेली. करडी, एक कान फाटका, चालणं असं की जणू घराचं भाडं तीच भरते. म्हणून तिचं नाव बाईसाहेब. घरात तिच्याबद्दल आदरानेच बोललं जायचं. "बाईसाहेब जेवल्या का?" "नाही, रुसल्यात. डबा बदललाय ना, त्यांना कळवलं नव्हतं."

रविवारी पहाटे आक्का म्हणाली होती, "धाकट्या, हिला मी खालच्या बाईंकडे नेऊन ठेवते. सामान गेलं की आणते."

"आक्का, मी रोज लोकांची घरं हलवतो. मला मांजर शिकवतेस?"

"शिकवत नाही रे. घाबरेल ती."

"मी आहे ना."

हे तीन शब्द तो नंतर किती वेळा आठवणार होता, ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं. बाथरूममध्ये बंद करणं, दारावर कागद लावणं, हे सगळं परक्यांच्या घरी. आपल्या घरात काय, आपण आहोतच. त्याची माणसं आली, तीही आज जरा मजेत होती. "आज मुकादम गिऱ्हाईक आहेत रे, चहा मागा." सगळे हसले. तोही हसला. एका हातात यादी, कानावर खडू, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं, मालक, हे न्यायचं का? मालक, हे ठेवायचं का? मजा वाटत होती त्याला. मालकही तोच आणि मुकादमही तोच. फक्त बारीक अक्षरातली ती ओळ त्या दिवशी कुणाची, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

माळा शेवटी रिकामा झाला. त्याला लावलेली शिडी बराच वेळ तशीच उभी होती, आणि खाली दहा पायांची धावपळ. माळा खोल होता, टाकीच्या मागे वळणारा. तो शिडीवर चढला. डोळा झाला. टॉर्चसाठी खिशात हात घातला तर टॉर्च नव्हता, घाईत कुठल्यातरी खोक्यात गेलेला. खालून टेम्पोवाला ओरडत होता की गल्ली अडलीय. त्याने निळं दार लावलं, कडी घातली आणि फुली मारली.

बाईसाहेब नाहीत, हे नव्या घरी संध्याकाळी कळलं. तिघांनी खोकी हलवली, पलंगाखाली पाहिलं, टेम्पोत पाहिलं. "पळाली असेल गडबडीत," तो म्हणाला. "मांजर घराला धरून असतं, आक्का. तिकडंच गल्लीत असेल, भूक लागली की दिसेल कुणालातरी."  सोमवारी दुपारी आक्का एकटी बस धरून जुन्या गल्लीत गेली आणि पाय सुजवून परत आली.

सोमवारी संध्याकाळी त्याने आणखी एक खोकं उघडलं. वर टॉर्च होता.

तो टॉर्च हातात घेऊन उभा राहिला आणि मग खाली बसला. मला वाटतं, माणसाला आपली चूक अशीच सापडते, हरवलेल्या वस्तूसारखी, दुसरं काहीतरी शोधताना. त्याला माळ्याची शिडी दिसली, टाकीमागचं वळण दिसलं, स्वतःचा हात फुली मारताना दिसला. आणि नेमकी तेव्हा आक्का चपला घालून दारात आली. तिच्या हातात बाईसाहेबांच्या खाण्याचा पत्र्याचा डबा.

"धाकट्या, मला एकदा ने रे तिकडं. उजेड आहे तोवर. डबा वाजवला की ती येते."

त्याने नेलं. स्कूटरवर मागे आक्का, एका हाताने त्याचा खांदा धरलेला. इतकंच सांगायचं होतं की आक्का, ती गल्लीत नाही, माळ्यावर आहे, मी कोंडली. घरमालक त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. किल्ली त्यांच्याकडे. घंटी वाजवायची, बस. पंधरा पावलं होती. त्याने ती मोजली, कारण तो सगळंच मोजायचा.

आक्का गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डबा वाजवत गेली. "बाईसाहेब. ए बाईसाहेब." कचऱ्याच्या पेट्यांमागे वाकून बघत होती, गाड्यांखाली बघत होती. किराणावाल्याने विचारलं, "काय हरवलं आक्का?" तर म्हणाली, "काही नाही हो, आमचं एक माणूस राहिलंय मागं." मुकादम स्कूटरला टेकून उभा होता. वर, तिसऱ्या मजल्यावर, जुन्या घराच्या खिडक्या बंद होत्या. त्याने मान वर केली नाही. सकाळी येऊ, गुपचूप काढू, गल्लीत सापडली म्हणून सांगू. एका रात्रीने काय होतंय. असं त्याने ठरवलं, आणि ठरवल्यावर त्याला हलकं वाटलं. ते हलकं वाटलेलं त्याला पुढे सगळ्यात जास्त बोचलं.

मंगळवारी सकाळी सातला त्याने घरमालकांची घंटी वाजवली. "चिकटपट्टीचं बंडल राहिलं माळ्यावर."

"तुमचं काही राहिलं?" ते किल्ली देत म्हणाले. "नवलच म्हणायचं."

कडी काढल्यावर आधी वास आला. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, ओरबाडून रंग निघाला होता, आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. ती टाकीमागे होती. हात घातला तर तिने ओरखडलं नाही, गुरगुरली नाही, उचलू दिलं. ओरखडलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्याने ठरवलेलं सांगितलं. किराणा दुकानामागे सापडली. आक्काने मांजर कुशीत घेतली, आणि दुसरा हात भावाच्या डोक्यावर ठेवला, तो सात वर्षांचा असताना ठेवायची तसा. मग दिवसभर तिने चारचौघांना फोन केले. चुलतभावाला, दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला, खालच्या बाईंना. "पहाटे उठून गेला हो, कुणाला न सांगता. शोधून आणली. भाऊ असावा तर असा." तो शेजारच्या खोलीत खोक्यावर खोकं रचत होता. ऐकू येऊ नये म्हणून खोकी जरा जोरात आपटत होता.

आज बुधवार.

"मुकादम," बायको म्हणाली, आणि त्याने ओळखलं. "तुम्हाला कधी कळलं? काढलीत तेव्हा, की आधी?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी तुम्ही आक्कांना स्कूटरवरून नेलंत, तेव्हा तुमचं तोंड कसं होतं, ते मी पाहिलंय. मला वाटलं, बहिणीचं दुःख बघवत नाही याला."

तो पट्टीची गोळी करत राहिला.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते जाऊ दे. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्या हातून तर रोज होते, तुम्ही मोजून दाखवता. पण त्या बाईला डबा वाजवत फिरवलंत तुम्ही?"

"यादीत नव्हती गं ती." हे तोंडातून कसं निघालं, त्यालाच कळलं नाही.

"तुमच्या कागदावर काय लिहिलंय? जनावर मालकाने न्यावं. मग त्या दिवशी मालक कोण होतं? मी? आक्का? आक्का तर नेत होत्या." तिने ओला कपडा घडी करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "आता मी भांडी लावते. तुम्ही आत जा. आणि मी सांगावं असं मनात असेल, तर नाही सांगणार. त्यांना आयुष्यभर वाटू दे हवं तर, की भाऊ असावा तर असा."

तो उठला. बाहेरच्या खोलीत आक्का दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. खोलीत अजून पडदे लागले नव्हते, त्यामुळे उजेड सगळीकडून येत होता, तोंड लपवायला जागा नव्हती. बाईसाहेब तिच्या मांडीवर, फाटका कान दाराकडे.

"भांडताय का रे? नवीन घर आहे, शेजाऱ्यांना आधी आवाजाची ओळख नको."

"नाही. आक्का."

"बोल."

"ती किराणावाल्याच्या मागं नव्हती. माळ्यावर होती. मी कडी घातली होती, रविवारी. टॉर्च न लावता."

आक्काचा मांजराच्या पाठीवरचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला. "हं," ती म्हणाली. "घाईत होतं असं. म्हणून काय खोटं सांगायचं? मी काय मारणार होते तुला?"

इथे थांबता आलं असतं. आक्का माफ करून मोकळी झाली होती, तिच्या परीने. त्याला दार उघडं दिसत होतं आणि तो त्यातून जवळजवळ गेलाच होता. पण हातात तो ओला कपडा होता.

"मला सोमवारी कळलं, आक्का. संध्याकाळी. आपण निघायच्या आधी. टॉर्च सापडला तेव्हा."

"कुठं निघायच्या आधी?"

"गल्लीत."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी डबा वाजवत होते तेव्हा?"

"हो."

"ती वर ऐकत असेल मग," आक्का म्हणाली. त्याला नाही, मांजराला म्हणाली. "डबा ओळखते ती."

"घरमालकांच्या दारात जायची लाज वाटली मला. तुझ्यासमोर. तू म्हणाली होतीस ना, खाली नेऊन ठेवते. मी म्हटलं मी आहे ना. म्हणून." तो बोलत राहिला. बोललेलं सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. "आक्का, तू काहीतरी बोल. शिव्या दे."

आक्काने बाईसाहेबांना दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवलं. उठताना गुडघ्यावर हात टेकला. तो पुढे झाला, तिने हात घेतला नाही. पायांत चपला सरकवल्या.

"कुठं निघालीस? आक्का. मी सोडतो ना."

ती दाराशी थांबली. वळून पाहिलं. त्याच्याकडे नाही, खुर्चीकडे. मांजर खुर्चीवरच आहे, दारात येत नाही, हे तिने नीट बघून घेतलं. मग दार स्वतःला पुरेल एवढंच उघडलं, बाहेर झाली आणि मागे हळूच ओढून घेतलं.