हात खाली, मान वर

"हात खाली, मान वर!" असं म्हणून तो समोरच्या माणसाच्या लाइफ जॅकेटला दोन्ही खांद्यांवर धरायचा आणि सरळ वर उचलायचा. लहान मूल असो की शंभर किलोचा मॅनेजर, टाचा वाळूवरून सुटल्याशिवाय सोडायचा नाही. जॅकेटबरोबर माणूस वर आला तर पास. जॅकेट एकटंच कानापर्यंत गेलं तर पट्टा सैल. मग पट्टा ओढायचा, पुन्हा उचलायचं. एवढं झाल्यावरच माणसानं कयाकमध्ये, म्हणजे त्या दोन माणसांच्या अरुंद होडीत, पाय ठेवायचा.

बायकांना तो हात लावत नसे. पहिल्याच खेपेला त्यानं माझ्या बायकोला पुढे बोलावलं आणि म्हणाला, "वहिनी, बाकीच्या वहिनींना तुम्ही उचला. आणि तुम्हाला साहेब उचलतील." माझी बायको शाळेत कबड्डी खेळलेली. तिनं तीन बायका पटापट उचलल्या. मला मात्र ती काही उचलवली नाही. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पट्टा बरोबर हाय. तुमचंच कायतरी सैल हाय." सगळे हसले. मीही हसलो.

वयानं तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता, पण दोह्यातल्या आमच्या कंपाउंडातली, म्हणजे कुंपणातल्या वसाहतीतली, सगळी मराठी मंडळी त्याला अरे-तुरेच करायची. आता लिहिताना 'ते' असं लिहावंसं वाटतं. पण तोंडानं जे दिलं नाही ते कागदावर देऊन काय उपयोग? तेव्हा 'तो'च राहू दे.

तो कोलाडकडचा. कुंडलिका नदीवर वीस वर्षं राफ्ट चालवलेला. तिथे धरणातून सकाळी पाणी सोडतात आणि तेवढ्या पाण्यावर राफ्टिंग होतं. "आमच्याकडं नदीला पण ड्युटी असते, सकाळी आठला सुटते," असं तो सांगायचा. दुपारी लोकांना डोंगरातून चालवत धबधब्याखाली पोहायला न्यायचा. तिथून तो कतारला कसा आला, हे विचारायची गरज नाही. आपण सगळे जसे आलो तसाच तो आला. एजंटनं समुद्रावरचं काम सांगितलं आणि इथे अल थखिराच्या तिवरांच्या जंगलात, खाडीच्या संथ पाण्यात, पर्यटकांना कयाकमधून फिरवायच्या नोकरीवर लावलं.

संथ म्हणजे आपल्याला वाटायचं संथ. तो म्हणायचा, "ही पण नदीच हाय साहेब. फक्त सहा तासांनी उलटी फिरते." भरतीला पाणी तिवरांत शिरतं आणि ओहोटीला तेच पाणी अरुंद वाटांमधून समुद्राकडे पळत सुटतं. वेळापत्रक कंपनीचं काहीही असो, तो भरती-ओहोटीची वेळ तळहातावर पेनानं लिहून यायचा.

आम्ही हिवाळ्यातल्या शुक्रवारी जायचो. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता. सगळं दोहा खणून ठेवलेलं, रोज एक रस्ता वळवलेला, आणि आमच्या अल थुमामात घराच्या गच्चीवरून स्टेडियमच्या क्रेन दिसायच्या. मी तसल्याच एका प्रकल्पावर इंजिनिअर. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधला नाही म्हणून मी स्वतः माणसं साइटबाहेर काढलेली आहेत. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतो.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. घरी आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्याला इंग्रजी येत होतं ते फॉरवर्ड, बॅक आणि स्टॉप एवढंच. तेव्हा ती नाइलाजानं त्याच्याशी मराठी बोलायला लागली. "काका, इथे धबधबा नाही का?" तिनं एकदा विचारलं. "हाय की," तो म्हणाला, "माझ्या रूमवर. एसीचा पाइप गळतो त्याच्याखाली बादली ठेवलीय." परतताना गाडीत ती तेच वाक्य चार वेळा घोळवून हसत होती, आणि मराठीत हसत होती, हे आईबापांनाच कळेल.

तिनंच त्याला विचारलं होतं, आतापर्यंत किती माणसं वाचवलीस? मला वाटलं आता आकडा सांगेल, एखादी गोष्ट रंगवून सांगेल. तो म्हणाला, "वाचवायची वेळ आली म्हणजे मी आधीच चुकलो ना बाळा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामात एक रेघ आखून घेतात आणि मग राजा आला तरी ती ओलांडू देत नाहीत. आपल्याला ती फार आवडतात, रेघ आपल्या आड येईपर्यंत.

आमच्या चौदा मराठी कुटुंबांचे एक अध्यक्ष होते. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. हुद्दा मोठा, हॉल मोठा, म्हणून अध्यक्ष. 'आपलं नाव झालं पाहिजे' हे त्यांचं पालुपद. कुठेतरी फोटोंची स्पर्धा निघाली होती, निरनिराळ्या देशांच्या लोकांनी वर्ल्ड कपचं स्वागत करायचं, असं काहीतरी. अध्यक्षांना कल्पना सुचली. तिवरांमध्ये कयाक, कयाकमध्ये आपण, पुरुषांना फेटे आणि रेशमी धोतर, बायकांना नऊवारी, आणि अध्यक्षांच्या हातात फुटबॉल. केरळवाले, फिलिपिनो, सगळे बघत राहिले पाहिजेत.

त्या शुक्रवारी नऊला पोचायचं होतं. फेटे बांधण्यात आणि कुणाचा तुरा उभा राहत नाही यावर वाद घालण्यात बारा वाजले. तो किनाऱ्यावर तळहाताकडे बघत उभा होता. अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, साडेदहालाच ओहोटी लागलीय. आता आत जायला नको. इथंच गुडघाभर पाण्यात फोटो काढा."

"इथे मागे टॉयलेट दिसतंय," अध्यक्ष म्हणाले. "आत जायचं. आणि ही नारिंगी जॅकेटं नकोत. पैठणीचा पदर दिसत नाही."

"जॅकेट नाय काढायचं."

"दोन मिनिटं रे."

"पाण्याला दोन मिनिटं पुष्कळ होतात, साहेब."

मग अध्यक्षांनी त्याच्या मॅनेजरला फोन लावला, तोही स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून आवाज आला, "क्लाएंट को नाराज मत करो भाई, दो मिनिट में क्या होता है." एकेकाला जॅकेट घालून, एकेकाला उचलून त्यानं आम्हाला आत नेलं, त्यातल्या त्यात उथळ वाटेनं. तिथे गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हं, काढा आता." आणि आम्ही काढली. चौदा घरांतल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी, ज्यांच्यातले निम्मे ऑइल आणि गॅसमध्ये आहेत, ज्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर 'सेफ्टी फर्स्ट'चे बोर्ड आहेत, त्यांनी फोटोसाठी काढली. मी माझं काढलं. माझ्या मुलीचा पट्टाही मीच सोडला. ती म्हणाली, "काका said no." मी म्हटलं, "दोन मिनिटं."

तो प्रत्येक कयाकजवळून नुसता ओरडत फिरत होता, "घाला! फोटो झाला, घाला!" पण अध्यक्षांना उजेड पुढे चांगला वाटला. ते आणि त्यांच्या मिसेस वल्हवत वाटेच्या तोंडाशी गेले, जिथे पाणी ओढत होतं. कयाक आडवी झाली. अध्यक्ष फुटबॉल सोडेनात. एका हातात बॉल आणि एका हातात वल्हं, अशी माणसं पाण्यात काय करणार? कयाक उलटली.

त्यानं पहिली हाक मला मारली, हे मी विसरू शकत नाही. "साहेब, पोरीचं जॅकेट!" मग त्यानं उडी टाकली. मिसेस तिवराच्या फांदीला लटकल्या होत्या. अध्यक्ष मात्र वाहत चालले होते. धोतर पायांत गुंडाळलेलं, फेटा सुटून तोंडावर आलेला, आणि तोंडानं ते ओरडत होते, म्हणजे पाणी गिळत होते. "गप! तोंड बंद ठेव! पाय मारू नको!" असं त्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. मानेला धरून त्यानं अध्यक्षांना चिखलातून ओढत काठावर आणलं. त्याच्या पायाला शिंपल्यांनी चांगल्या हातभर चिरा पडल्या होत्या.

अध्यक्ष खोकले, ओकले, श्वास आला. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "मला एकेरी बोलला हा."

संताप कशाचा येतो सांगू? त्यांचा येतोच. पण संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये बटाटेवडे खात आम्ही सगळे बसलो होतो आणि एकही माणूस म्हणाला नाही, की अहो, तुम्ही जिवंत आहात ते त्याच्यामुळे. उलट जो तो आठवून सांगू लागला. मुळातच उर्मट आहे. बायकांना उचलायला लावतो. वेळेवर आत न्यायला हवं होतं. ओहोटी आहे तर ठाम नकार का दिला नाही? हे शेवटचं म्हणणाऱ्या गृहस्थांनी दुपारी स्वतःचं जॅकेट सर्वांत आधी काढलं होतं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा रिपोर्टात हात बसलाय. तुम्हीच लिहा."

आणि मी लिहिलं. फर्डं इंग्रजी लिहिलं. ग्राहकांशी उद्धट वागणूक, आणि सुरक्षेबाबत निष्काळजीपणा. जॅकेटं कुणी काढली याचा त्यात उल्लेख नव्हता. त्यात माझा स्वार्थ होता. माझ्या मुलीचा पट्टा कुणी सोडला, हा प्रश्न मला कुणी विचारायला नको होता. चौदा सह्या झाल्या.

पुढच्या शुक्रवारी दुपारी कंपाउंडच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला. तो आला होता. पाहुण्यांच्या यादीत नाव नाही म्हणून वॉचमननं त्याला उन्हात बाहेरच उभं केलं होतं. मी गेलो, मुलगी माझ्यामागे धावत आली. इस्त्रीचा शर्ट, पायाला पट्टी. मॅनेजरनं त्याला ते पत्र वाचून दाखवलं होतं.

"साहेब, काढलं मला. त्याचं काय नाय. पण एक काम करा. उद्धट लिहिलंय ते राहू द्या. पाण्यात माझं तोंड सुटतं, खरं हाय. पण ते निष्काळजी काढा."

मी त्याच्या पायाच्या पट्टीकडे बघत होतो.

"कंपनी तेच कागदावर लिहून देणार. गावाला राफ्टवाले पहिलं विचारतात, बाहेर काय झालं? असला कागद घेऊन मला नदीवर कोण उभं करील? मला दुसरं काय येतं?"

"बघतो," मी म्हणालो.

मराठी माणूस 'बघतो' म्हणतो तेव्हा काय करणार असतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तरी तो "उपकार होतील" म्हणाला. माझी मुलगी त्याच्यासमोर सवयीनं हात खाली, मान वर करून उभी राहिली होती. धरायला जॅकेट नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बस स्टॉपकडे लंगडत गेला. आत ये, पाणी घे, एवढंही मी म्हटलं नाही. अध्यक्षांचं घर गेटसमोरच होतं.

अध्यक्षांना मी विचारलं, नाही असं नाही. ते म्हणाले, "आता पाठवलंय. खलास." मी लगेच 'बरं' म्हणालो. माझ्या एकट्याच्या सहीनं दुसरं पत्र लिहायला मला कुणी अडवलं होतं? ते लिहायला मी पाच आठवडे घेतले. त्यात सगळं लिहिलं, माझ्या मुलीच्या पट्ट्यासकट. मॅनेजरचं एका ओळीचं उत्तर आलं, की सदर कर्मचारी मायदेशी परत गेला आहे, विषय बंद आहे. त्याचा इथला फोन बंद. कोलाडच्या चार राफ्टवाल्यांना फोन केले. तिघांना माहीत नव्हतं. चौथा म्हणाला, "आला होता ना विचारायला. पण तिकडं कायतरी लफडं केलंय म्हणतात पाण्यात. आम्हाला रिस्क नको." मी त्याला सगळी हकीकत सांगू लागलो. त्यानं ऐकून घेतली आणि "बघतो" म्हणाला.

फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. अध्यक्षांच्या हॉलमध्ये तो फ्रेम करून लावलाय. फेटे, पैठण्या, फुटबॉल, सगळे हसताहेत. आमच्या कयाकला धरून तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता, तेवढी कडा कापून टाकलीय. चहाला गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. एवढंच माझं शौर्य.

पुढच्या हिवाळ्यात मुलीनं हट्ट केला म्हणून पुन्हा अल थखिराला गेलो. नवा गाइड तरुण, हसरा. जॅकेटांचा ढीग वाळूवर टाकून म्हणाला, "यल्ला, यल्ला, पहनो और चलो." सगळ्यांनी आपापली घातली आणि जो तो कयाककडे निघाला. माझी मुलगी जागची हलली नाही. ती हात खाली, मान वर करून उभी होती. गाइड तिच्या शेजारून दोनदा गेला.

मग मीच पुढे झालो. जॅकेटला दोन्ही खांद्यांवर धरलं आणि वर उचललं. जॅकेट तिच्या कानांपर्यंत आलं. ती जिथल्या तिथे, टाचा वाळूवर टेकून, माझ्याकडे बघत उभी राहिली.