तपासणीच्या खोलीतल्या अक्का

सरकारी इस्पितळात मुलांच्या डॉक्टर असलेल्या एका बाईंना सगळे अक्का म्हणायचे. आवाज खणखणीत, स्वभाव तापट. शिकाऊ डॉक्टर त्यांच्यापुढे चळाचळा कापायचे. पण अत्याचाराची शंका असलेलं मूल आलं की अक्का सरळ फरशीवर बसकण मारायच्या आणि तोच आवाज अगदी मऊ व्हायचा.

एका सकाळी सात वर्षांची मुलगी आली. पोटात दुखतं, रात्री अंथरूण ओलं करते, झोपेत दचकते, शाळा नको म्हणते. सोबत आई आणि काका. प्रत्येक प्रश्नाला उत्तर काकाचंच.

"तुम्ही दोघं बाहेर बसा," अक्का म्हणाल्या.

"मी थांबतो. पोरगी घाबरट आहे," काका म्हणाला.

"बाहेर."

नर्सनं दार उघडून धरलं तेव्हा कुठे तो उठला. जाता जाता त्यानं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं श्वास रोखला. अक्कांनी ते टिपलं, पण तेवढ्यावरून काही ठरवायचं नव्हतं, आणि मुलीच्या तोंडी शब्द तर मुळीच घालायचे नव्हते.

"तू 'थांब' म्हणालीस की मी थांबणार. बघायचंय?" त्यांनी स्टेथोस्कोप पुढे केला.

"थांब."

हात लगेच मागे.

दारावर थाप पडली. "झालं का?" काका. मुलगी टेबलाखाली शिरली. नर्सनं कडी लावली. अक्का कशाबशा वाकून मुलीशेजारी जाऊन बसल्या.

"तो थांबत नाही," मुलगी पुटपुटली.

"कोण गं?"

तिनं दाराकडे बोट केलं.

"सांगितलंस ते बरं केलंस. तुझी यात काही चूक नाही."

शेजारच्या खोलीत अक्कांनी हे सांगताच आई आधी भडकली. "घर मोडायला निघालात? नवरा परगावी, दिराच्या घरात राहतो आम्ही!" मग मटकन खाली बसली. "जाऊ कुठं मी?"

"आज माझ्या वॉर्डात. पोलिसांना तर मी कळवणारच."

पोलीस येईपर्यंत काका वॉर्डाच्या दारात आरडाओरडा करत होता. आई लेकीच्या खाटेपुढे उभी राहिली, ती तिथून हलली नाही.

खटला रेंगाळला. मायलेकी मावशीकडे राहू लागल्या. मनावरच्या उपचारांसाठी मुलगी दर आठवड्याला अक्कांच्या इस्पितळात यायची. कधी बोलायची, कधी नुसती माती थापायची. एकदा तिनं ती माती आईच्या अंगावर भिरकावली. "तुला कसं नाही कळलं?"

आई अक्कांकडे बघू लागली. अक्कांनी नजरेनंच मुलीकडे खूण केली.

"चुकलं माझं," आई म्हणाली.

पुढच्या खेपेला आईनं सांगितलं, पोरगी आता झोपेत दचकत नाही.