वहिनीची बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्या पोटात तसं बरंच काही राहतं. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका.

आई गेल्यावर मला वहिनीनेच वाढवलं. जिभेने फटकळ, पण माया अशी की काय सांगू! तिला मुतखड्याचा त्रास. कळ आली की भिंतीला पाठ लावून बसायची आणि माझा चेहरा बघून मलाच म्हणायची, "रडून काऊन राह्यले भाऊजी? मेली नाई मी अजून." कुळथाचं पाणी प्यायची, खडा पडायचा, पुन्हा धरायचा.

देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं व्हायची होती तेव्हा. वडशाचे डॉक्टर म्हणाले, काही खडे लघवीतल्या जंतूंमुळेही धरतात. तपासून बघू, जंतू असले तर गोळ्या देऊ. दवाखान्यात लघवी द्यायला वहिनी तयार होईना. शेवटी तिने घरीच उकळलेल्या बाटलीत भरली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता हातात दिली.

त्या हिवाळ्यात मी गावच्या नाटकात नायक — केस वाढवलेले, चालसुद्धा बदललेली. वडशाच्या बाजारात नाटकमंडळीतले तिघे भेटले. गुंडाळलेली बाटली पाहून त्यांना दारूशिवाय दुसरं काय वाटणार?

"मोहाची दिसते बे! एकटाच पेऊन राह्यला?"

एकाने हातही घातला. वहिनी आजारी आहे, तिची लघवी आहे — एवढंच तर सांगायचं होतं. नायकाला तेवढंही जमलं नाही. "नासकी निघाली," म्हणत मी बूच काढलं आणि बाटली नालीत ओतली.

मग — दवाखान्याच्या मागे जाऊन ती माझ्याच लघवीने भरली.

डॉक्टर म्हणाले, जंतू नाहीत. गोळ्या नकोत.

तिच्या लघवीत सापडले असते का? मला ठाऊक नाही. कळायची वाट मीच बंद केली. पुन्हा तपासा, असंही कधी म्हणालो नाही — आधीचं कसं सांगणार होतो? वहिनीने वर्षानुवर्षं कळा काढल्या. मग अंगावर सूज आली. मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली.

आणि ती काय सांगायची ठाऊक आहे? आल्यागेल्याला, माझ्यादेखत, अगदी शेवटच्या दिवसांतही — "माह्या भाऊजीनं भरल्या बजारातून माहं मूत नेलं. पोटचा लेक नेत नाई."

मी तिच्या शेजारीच बसलेला असायचो. दर वेळी लाजल्यासारखा हसायचो.