महादेवाच्या चालीवरची बाराखडी

माझा गळा काही गाण्याचा नाही. तरीही पाटोद्याजवळच्या त्या गावात मला पहिली-दुसरीचा वर्ग मिळाला, तेव्हा बाराखडी गाऊनच शिकवायची असं मी ठरवलं, कारण ओरडून शिकवायचा मला मनापासून कंटाळा. महादेवाच्या देवळात दर सोमवारी भजन व्हायचं. त्यातली एक चाल गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. तिच्यावर मी क का कि की बसवलं. गावात तेव्हा नुकते टीव्ही येत होते, किराणा दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या. पण शाळेवरून जाणारी माणसं आमचं गाणं ऐकायला थांबायची. मी भलतीच खूश होते.

ती खुशी भजनातल्या मृदंगवाल्याने उतरवली. त्याची मुलगी माझ्याकडे दुसरीत होती. एका सकाळी तो तिला घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. देवाची चाल शाळेत आणली म्हणून भांडायला आला असेल, असं वाटून मी पदर खोचला. त्याचं दुखणं मात्र वेगळंच निघालं.

“बाई, पोरगी गाती लई गोड,” तो म्हणाला. “पन वाचती कुठं?”

मी फळ्यावर ‘गाडी’ लिहिलं. पोरीने गोड आवाजात थेट ‘क’पासून सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून हसली. इतरांना विचारलं, तर सगळ्या वर्गाचं तेच. चाल पाठ, अक्षराशी ओळख नाही.

दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जाणार होते. पोरीला वाचता आलं तर तिला गावात आत्याकडे ठेवायची, नाहीतर धाकट्याला सांभाळायला कारखान्यावर न्यायची, असं त्याने सांगून टाकलं. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. एकदा ऊसतोड्यांच्या कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, गेलेलं मूल शाळेत परतलं तरी मागच्या भिंतीला टेकून बसतं, हे मी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवा नियम झाला. नुसतं गायचं नाही, बोट ठेवायचं. टाळी पडली की बोट पुढच्या अक्षरावर. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. मुलं वैतागली, एकमेकांना कोपरखळ्या मारू लागली, पण बोटं ठेक्यात सरकायला लागली.

दसऱ्यापर्यंत पोरगी वाचू लागली, पण तिच्या तऱ्हेने. ‘मु’ दिसला की ओठातल्या ओठात म मा मि मी करत तिथवर पोचायची, माडीवर जायला प्रत्येक पायरी चढावी तशी. मी ती सवय मोडायला गेले नाही. पोचते ना, मग झालं.

मग एका बाजाराच्या दिवशी पाटोद्याच्या स्टँडवर बापलेक मला भेटले. समोर एक एसटी उभी होती, नेहमीच्यातली नव्हे. तो कंडक्टरशी हळू काहीतरी बोलून आला आणि पोरीला म्हणाला, “वाच बरं पाटी.” त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून उत्तर आधी विचारून आला होता. वस्ताद माणूस.

पोरीने बोट हवेत धरलं. य या यि यी यु. स सा सि सी सु सू. तेवढ्यात घंटी वाजली आणि गाडी हलली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मृदंगवाला गाडीच्या पुढ्यात हात वर करून उभा होता. भजनात कुणी मध्येच तोडलेलं त्याला कधीच खपायचं नाही; गाणारा ध्रुपदावर येईपर्यंत तो ठेका सोडत नसे.

“थांबा जरा,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “पोरीचं चालू हाय.”

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला, खिडकीतून डोकी बाहेर आली. पोरगी एकेक पायरी चढत राहिली आणि बापाची बोटं मांडीवर ठेका धरत राहिली. शेवटी तिने एका दमात म्हटलं, “युसूफ वडगाव.” कंडक्टर मान हलवत हसला. बाप बाजूला झाला, गाडी गेली. पोरगी गावातच राहिली.

चैत्रात ऊसतोडीची माणसं परतली, तेव्हा मृदंगवाला आपणहून शाळेत आला. पोरीची बाराखडी तो हंगामभर उसाच्या फडात म्हणत होता आणि आता त्याला सगळी येत होती. त्याने डोळे मिटून ती गाऊनही दाखवली, एका सुरात, कुठेही न अडखळता. मी ‘गाडी’ लिहिलं. त्याने गोड आवाजात ‘क’पासून सुरुवात केली.

पोरगी जागेवरून उठली. बापाचं राकट बोट धरून तिने फळ्यावर ‘ग’वर टेकवलं.

“बाबा, नुसतं गायचं न्हाई,” ती म्हणाली. “बोट ठेवायचं.”