धुकं ओसरेपर्यंत

देव आहे की नाही, या प्रश्नात मी कधी पडलेच नाही. आमच्या डब्लिनच्या घरात दत्ताची तसबीर आहे, ती सासूबाईंनी दिली म्हणून. अगरबत्ती लावायची, ती सवयीने.

वॉटरफोर्डकडच्या डोंगरात हिमनदीने कोरलेलं एक तळं आहे. माझा नवरा निखिल तिथे जायचा बेत कितीतरी दिवस आखत होता. नकाशा, बूट, पराठ्यांचा डबा, सगळं त्यानेच ठरवलं. शनिवारी पायथ्याशी पोहोचलो, तर डोंगर धुक्यात बुडालेला. शेजारच्या गाडीजवळ एक वयस्कर आयरिश जोडपं थर्मास उघडून उभं होतं. "इतक्यात जाऊ नका, वाट दिसायची नाही," बाई म्हणाल्या. "थोड्या वेळात ग्रँड होईल, छान मोकळं होईल. तोवर चहा घ्या." निखिल माझ्या कानाशी कुरकुरला, "चल गं, आपण काय लहान आहोत?" मला मात्र त्यांना नाही म्हणवेना.

चहाचा कप निखिलच्या हातातून पडला. निसटला असेल, असं वाटतंय तोवर तोच कोसळला. रोज पळायला जाणारा, चाळिशीही न गाठलेला माणूस. डोळे उघडे आणि श्वास नाही. मी जागच्या जागी थिजले. बाई गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबू लागल्या. "मी नर्स होते," एवढंच त्या म्हणाल्या. आपल्या नवऱ्याला त्यांनी खालच्या गावातल्या खेळाच्या क्लबमधून हृदयाला शॉक द्यायचं यंत्र आणायला पिटाळलं आणि माझ्यावर ओरडल्या, "अँब्युलन्सला फोन कर!" मी फोन लावला. फोनला रेंज होती, हेसुद्धा नशीबच. यंत्र आलं, शॉक दिला आणि निखिल कण्हला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर नागपूरच्या निघाल्या. "वर तळ्यापाशी झालं असतं ना..." असं मराठीत म्हणाल्या.

निखिल कोसळला, त्या क्षणी मला एकही स्तोत्र आठवलं नाही, देवाचं नावसुद्धा तोंडातून फुटलं नाही. मी काही मागितलंच नव्हतं, आणि मदत तिथे आधीच येऊन उभी होती. धुकं कुणी धरून ठेवलं, त्या बाई नेमक्या तेव्हाच तिथे कशा, हे मी आता कुणाला विचारत नाही. सगळं आपल्या हातात असतं, हा हट्ट तेवढा सुटला. निखिल झोपला की मी शेजारी बसून त्याचा श्वास ऐकते. हात आपोआप जोडले जातात.