नळी कोणाच्या ताटात

सिल्वासाजवळच्या सामरवरणी गावात आमच्या शेजारी धुळ्याकडचं कुटुंब राहतं. मुलगा धाग्याच्या कंपनीत कामाला, सून घर सांभाळते आणि सासूबाई त्या दोघांना. रविवारी मटण शिजलं की नळी मुलाच्याच ताटात. कमावणाऱ्याच्या हाडांत जोर हवा, असा त्यांचा कायदा.

सुनेच्या भावाला रक्ताचा कॅन्सर निघाला. तपासण्यांत हिचाच हाडातला मगज त्याच्याशी जुळला. मुंबईचे डॉक्टर वाट बघत होते, सून एका पायावर तयार होती. आणि सासूबाई आडव्या आल्या.

"नळी एकदा चोखली की पुन्हा भरते का हो मॅडम? पोकळ हाडांनी ही दोन लेकरं कशी वाढवणार?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि तोंडाची फटकळ. तडक त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काकी, ताटातली नळी मेलेली. हिची जिवंत आहे! कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढतात, तो काही आठवड्यांत परत भरतो." मग सगळंच सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी या मगजातच जन्मतात. काही तिथेच तयार होतात, काही छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जाऊन शिकतात. भावाचा मगज बिघडलाय. हिचा गेला तर त्याच्या अंगात नव्या पेशी जन्मतील.

"शिकतात म्हणजे काय?"

"परका कोण, आपला कोण, ते. जी आपल्याच माणसावर धावून जाते, तिला तिथेच संपवतात."

"व माय! हे मला सुनावताय का?"

"तुम्हालाच."

सून पदराआड हसली. सासूबाई मात्र उठून आत गेल्या. म्हातारी दुष्ट नव्हती हो, घाबरली होती. तिचा नवरा दवाखान्यात गेला तो परत आलाच नव्हता. तेव्हापासून ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती. मला फार कणव आली.

पुढच्या रविवारी त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. पातेल्यातून नळी निघाली. मुलाने सवयीने ताट पुढे केलं. सासूबाईंचा हात त्याच्या ताटावरून पुढे गेला आणि नळी सुनेच्या ताटात पडली.

"आधी तू भरून घे," त्या म्हणाल्या, "मग दे भावाला."